पिकअप आणि ॲव्हरेज

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक पिस्टन ठेवलेला आहे. लोक टेबलावर गणपती ठेवतात, काचेचा ताजमहाल ठेवतात, कुणी बढतीच्या समारंभात मिळालेलं पेनस्टँड ठेवतं. मी पिस्टन ठेवतो. घरी आलेला पाहुणा चहा पिता पिता तो उचलून बघतो आणि विचारतो, "हे काय?" मी गंभीरपणे सांगतो, "ऐतिहासिक वस्तू आहे." पुण्यात एखादी वस्तू ऐतिहासिक आहे म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात. पाहुणा ती दोन्ही हातांनी परत जागेवर ठेवतो.

पण खोटं नाही सांगत, त्याला इतिहास आहे. त्याच्या एका अंगाला उभे ओरखडे आहेत. मांजरीने लोण्याच्या गोळ्यावर पंजा मारावा तसे. एक रिंग आपल्या खाचेत अशी चिकटून बसली आहे की आता ती प्रलयकाळीच निघेल. हे ओरखडे १९७८ सालच्या एप्रिल महिन्यात खंबाटकीच्या घाटात पडले, आणि ते पाडण्यात माझा हात होता. हात म्हणजे अक्षरशः हात. पण ते पुढे येईलच. इतिहास सांगायचा तर मूळ पुरुषापासून सुरुवात करावी, अशी आपल्याकडे पद्धत आहे.

मूळ पुरुष जर्मनीतला. सॅक्सनी प्रांतात चोपाऊ नावाचं एक गाव आहे. तिथे डीकेडब्ल्यू नावाच्या कंपनीने टू-स्ट्रोक मोटरसायकलचं एक घराणंच स्थापन केलं. आपल्याकडे किराणा घराणं, जयपूर घराणं, तसं हे चोपाऊ घराणं. त्यांची आरटी १२५ नावाची एक छोटी गाडी होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरली आणि जिंकलेल्या मंडळींनी नुकसानभरपाई म्हणून जे जे उचललं त्यात या गाडीचे नकाशेही होते. मग इंग्रजांची बँटम निघाली ती हिच्यावरून, अमेरिकेत हार्लेवाल्यांनी एक काढली ती हिच्यावरून, रशियनांनीही काढली, आणि १९५५ साली जपानात यामाहाने आपली पहिलीवहिली मोटरसायकल काढली तीही हिचंच गाणं गात आली. गंडा कुणी कुणाला बांधला नव्हता, पण चीज तीच.

आमच्या पेठेत आली ती मात्र जावा. बरीच वर्षं आमच्या वाड्यात असा समज होता की ही गाडी जावा-सुमात्राकडून येते. प्रत्यक्षात यानेचेक नावाच्या चेक गृहस्थाने १९२९ साली वाँडरर नावाच्या जर्मन कंपनीकडून मोटरसायकल बनवण्याचे हक्क घेतले आणि आपल्या नावातला 'जा' (हा तिकडे 'या' असा वाचतात) व त्यांच्या नावातला 'वा' जोडून बारसं केलं. १९६१ पासून ती म्हैसूरला तयार होऊ लागली. राजदूत मूळची पोलंडची, बुलेट इंग्लंडची, स्कूटर इटलीची. म्हणजे १९६५ साली लक्ष्मी रोडवर नुसतं उभं राहिलं तरी निम्मा युरोप धूर सोडत समोरून जायचा.

जावा गाडीचे दोन चमत्कार होते. एक म्हणजे तिची किक आणि गिअर एकाच दांडीने चालायचे. दांडी वर करून मारली की किक, खाली पाडून दाबली की गिअर. दुसरा म्हणजे इंजिनाला सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. पुणेकराला एकावर एक फुकट मिळाल्याचा आनंद होत असे. २५० सी.सी.चं ते इंजिन १२ अश्वशक्ती द्यायचं. बारा घोडे! पेशवाईत बारा घोडे बाळगणारा माणूस पालखीतून हिंडत असेल. पण बावीस वर्षांच्या मुलाला बारा घोडे पुरत नाहीत, हे निसर्गाने ठरवून दिलेलं आहे.

आता टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी जुनी पीएमटी आठवावी. तिच्यात मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्या दाराने उतरायचं. बस थांब्यावर जेमतेम क्षणभर थांबते. त्या क्षणात जुने उतारू पुढून बाहेर पडले पाहिजेत आणि नवे मागून आत आले पाहिजेत. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी. टू-स्ट्रोक इंजिनात नेमकं हेच चालतं. जळलेला धूर एका भोकातून बाहेर, पेट्रोल आणि हवा दुसऱ्या भोकातून आत. या भोकांना पोर्ट म्हणतात. गोंधळात काही नवे उतारू न थांबता तसेच पुढच्या दाराने बाहेर पडतात, म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून हवेत जातं. दारं मोठी केली आणि जास्त वेळ उघडी ठेवली तर बस भरभर भरते. पण ती वेगात असेल तरच. बस रेंगाळत चालली असेल तर भरलेले सगळे पुन्हा उतरून जातात. एवढं कळलं की इंजिनाची ताकद वाढवण्याचं निम्मं शास्त्र कळलं. उरलेलं निम्मं शास्त्र मला खंबाटकीत कळलं.

या उतरून जाणाऱ्यांना परत आत कसं ढकलायचं, हे कोडं सोडवलं ते पुन्हा चोपाऊच्याच एका माणसाने. त्याचं नाव वॉल्टर काडेन. युद्धानंतर चोपाऊ पूर्व जर्मनीत गेलं आणि कारखान्याचं नाव एमझेड झालं. काडेनपाशी पैसा नव्हता, चांगलं पोलाद नव्हतं. डोकं मात्र होतं. त्याने पाहिलं की सिलिंडरमधून धुराचा जो लोट सुटतो तो आवाजाच्या लाटेसारखा जातो, आणि नळीचा आकार आधी फुगीर व मग निमुळता केला तर ती लाट टोकाला आपटून परत येते आणि पळालेल्या पेट्रोलला दार बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे सायलेन्सर हाच कंडक्टर! "आत सरका, आत सरका!" या युक्तीने १९६१ साली त्याने १२५ सी.सी.च्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. आमची जावा त्याच्या दुप्पट मोठी आणि ताकद निम्मी.

त्याच वर्षी त्याचा घात झाला. एर्न्स्ट डेगनर हा त्याचा स्वार आणि इंजिनियर. जागतिक अजिंक्यपद हाताशी आलेलं. स्वीडनच्या शर्यतीत इंजिन बिघडलं आणि डेगनर तिथूनच पळाला. बायकामुलं आधीच मोटारीच्या डिकीत लपवून सीमेपार काढलेली. बर्लिनची भिंत उभी राहायला सुरुवात होऊन महिना जेमतेम झाला होता. काडेनची विद्या घेऊन तो जपानला सुझुकीकडे गेला आणि १९६२ साली सुझुकीने ५० सी.सी.चं जागतिक अजिंक्यपद पटकावलं. आमच्याकडे एखाद्या गॅरेजचा हुशार पोऱ्या पळाला तर फार फार तर भोसरीला जातो. पण दुःख तेच.

या सगळ्याचा नाना पेठेशी काय संबंध? संबंध असा, की नाना पेठेत काडेनचं नाव कुणालाही ठाऊक नव्हतं, पण विद्या मात्र पोचलेली होती. कशी, ते शोधू नये. कुणी मद्रासजवळच्या शोलावरमला, युद्धकाळातल्या विमानाच्या धावपट्टीवर व्हायच्या शर्यती बघून आलेला असायचा. कुणी जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरून भंगारातून विलायती कार्बोरेटर हुडकलेला असायचा. आणि कुणी नुसतीच पन्नास इंजिनं खोलून स्वतः शहाणा झालेला असायचा.

आमचे उस्ताद या तिसऱ्या जातीचे. त्यांचे वडील खडकीच्या लष्करी वर्कशॉपात होते, एवढीच त्यांची घराण्याची परंपरा. दुकान म्हणजे नाना पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी दोन फळ्या, एक लाकडी खोका आणि खोक्यावर उस्ताद. मला ते 'भाऊ' म्हणायचे. ज्याच्या खिशात पैसे नाहीत आणि गाडी आपली नाही अशा माणसाला साहेब म्हणण्यात अर्थ नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

गाडी माझी नव्हतीच. ती काकांची. १९६६ सालची, लाल. काकांची नागपूरला बदली झाली तेव्हा ती आमच्याकडे आली. ती अण्णांनी वापरावी, असा मूळ ठराव. अण्णांनी १९७१ साली स्कूटरचा नंबर लावला होता. स्कूटरचा कारखाना आकुर्डीला, आमच्या घरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर. पण नंबर यायला त्या काळी आठ-आठ, दहा-दहा वर्षं लागत. माझ्या ओळखीत एकाने मुलाच्या मुंजीत नंबर लावला आणि स्कूटर मुलाच्या लग्नाच्या वरातीत आली. तेव्हा अण्णांनी जावा ठेवून घेतली, पण चालवायला धजले नाहीत. ते मागे बसत. कोट, काळी टोपी, मांडीवर पिशवी, आणि पिशवीत एक छोटी वही.

ही वही महत्त्वाची. तिच्यात प्रत्येक लिटर पेट्रोलची नोंद असे. तारीख, किलोमीटर, लिटर, ॲव्हरेज. पुणेकराला गाडीबद्दल एकच प्रश्न विचारता येतो. गाडी लाल आहे की निळी, नवी आहे की चोरीची, हे तो विचारत नाही. "ॲव्हरेज काय देते?" बस. आमची जावा लिटरला ३२ द्यायची आणि अण्णा त्या बत्तीसकडे, मुलगा पहिल्या वर्गात पास झाल्यासारखे बघायचे.

आणि मला हवा होता पिकअप.

उस्तादांनी पंधरा दिवस गाडी ठेवून घेतली. ते काम मी रोज संध्याकाळी खोक्याशेजारी उकिडवा बसून पाहिलं आहे आणि आजही मला ते एखाद्या सोनाराच्या कामासारखं आठवतं. त्यांनी ब्लॉक उतरवला. साधा पांढरा कागद गुंडाळी करून सिलिंडरच्या आत बसवला आणि वरून पेन्सिलीचं शिसं घासलं. कागद बाहेर काढून उलगडला तर सगळ्या पोर्टची आकृती त्यावर उमटलेली! आपण लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो तसं. मग त्यांनी पट्टीने मापं घेतली, कुठे एक मिलिमीटर, कुठे दीड, अशा खुणा केल्या आणि बारीक गोल कानस घेऊन पोर्ट घासायला बसले. घासायचं, फुंकर मारायची, बोट फिरवायचं, पुन्हा घासायचं. "भाऊ, घासणं सोपं आहे," ते म्हणाले, "घासलेलं परत लावता येत नाही." हेड भवानी पेठेतल्या एका लेथवर पाठवून थोडं मारून आणलं, म्हणजे दाब वाढला. ब्लॉकला नवा बोअर करून एक साइज मोठा पिस्टन घातला. आणि शेवटी कार्बोरेटरमधला जेट बदलून मोठ्या भोकाचा टाकला.

जेट म्हणजे पितळेचा एक दाणा. चणाडाळीएवढा. मधोमध सुईने पाडावं तसं भोक. त्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं.

गाडी देताना उस्तादांनी दोन गोष्टी सांगितल्या. "पाचशे किलोमीटर होईस्तोवर चाळीसच्या वर न्यायची नाही. पिस्टन जवळ बसवलाय, घासून घासून जागा करील. आणि जेटला हात लावायचा नाही. जास्त हवा आत आली की जास्त पेट्रोल लागतं. पोरगा जास्त पळायला लागला की जास्त जेवतो, तसं." मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरला नसता.

दुसऱ्या दिवशी पहाटे विद्यापीठ रस्त्यावर मी चाळीसचा नियम मोडला. खालच्या वेगात गाडी आता मेल्यासारखी चालायची; अलका टॉकीजच्या चौकात दोनदा बंद पडली. पण एकदा का काटा पन्नासच्या पुढे सरकला की पाठीमागून कुणीतरी लाथ घातल्यासारखी सुटायची. पूर्वी पंच्याऐंशीला धापा टाकणारा काटा शंभराच्या पलीकडे गेला. डोळ्यांतून पाणी आलं. वाऱ्याने आलं असं मी तेव्हा समजलो.

आठवड्याने अण्णांनी वही उघडली. बेरीज केली. चष्मा पुसून पुन्हा केली. "एकवीस," ते म्हणाले. बस, एवढंच. मग बऱ्याच वेळाने, "पंधरा दिवस गाडी त्याच्याकडे होती. दुरुस्त करायला दिली होतीस ना?"

मला ते एकवीस सहन झालं नाही. पिकअप तर हवाच होता, पण अण्णांचा तो चेहराही नको होता. मी विचार केला, भोकाचा तर प्रश्न आहे! जुना जेट उस्तादांनी कागदात बांधून परत दिला होता. एका रात्री वाड्याच्या जिन्याखाली कंदिलाच्या उजेडात मी कार्बोरेटर खोलला, मोठा जेट काढला आणि जुना लहान जेट बसवला. पिकअप तसाच राहिला. पुढच्या नोंदीत ॲव्हरेज २८ आलं. अण्णांनी अठ्ठावीसच्या खाली एक रेघ ओढली. मला वाटलं, पूर्व जर्मनीला जे जमलं नाही ते मी सदाशिव पेठेत करून दाखवलं.

एप्रिलमध्ये ताईसाठी साताऱ्याचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, माणसं मोजकी. मंडळी येऊन मुलगी पसंत करून गेली होती. आता देण्याघेण्याची बैठक, सकाळी अकराला, साताऱ्यात, त्यांच्या घरी. अण्णा एसटीने जाणार होते. मीच म्हणालो, "गाडीवरून जाऊ. अडीच तासांत पोचवतो." ताईने दारातून सांगितलं, "हळू चालव रे." मी हो म्हटलं. आईने अण्णांच्या पिशवीत नारळ ठेवला.

कात्रजचा घाट गाडी अशी चढली की जुन्या बोगद्यात शिरताना माझी छाती हँडलला टेकली. अण्णा मागून म्हणाले, "बरी चालतेय." अण्णांच्या शब्दकोशात याच्यापुढे शब्द नव्हता. शिरवळ गेलं, खंडाळा गेलं. ऊन तापलं. खंबाटकीच्या चढावर पुढे दोन ट्रक होते. ते मी ओव्हरटेक केले, तिसऱ्या गिअरमध्ये, मूठ पूर्ण पिळून. आणि वळणावर इंजिनाचा आवाज बदलला. किंचित बारीक झाला. मला तो गोड वाटला.

पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुपटीने फुगतं. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की आतली आग आणखी भडकते. आणि टू-स्ट्रोकची गोम अशी की तिचं ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं असतं. लिटरमागे चाळीस-पन्नास मिली. म्हणजे ज्याने पेट्रोल तोडलं त्याने ऑइलही तोडलं. नवा, घट्ट, अजून रुळलेला नसलेला पिस्टन, एप्रिलचं ऊन, घाट, दोन माणसं, एक नारळ आणि जिन्याखाली बसवलेला तो दाणा. पिस्टन फुगला आणि सिलिंडरमध्ये अडकला. मोटरसायकलवाले याला सीझ होणं म्हणतात. इंजिन थांबतं आणि त्याच्यासकट मागचं चाकही थांबतं. गाडी मात्र थांबत नाही.

ती कठड्याच्या दिशेने घसरत गेली. क्लच दाबायचा असतो हे मला माहीत होतं. ते हाताला आठवायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. अर्धा सेकंद असेल. चाक सुटलं, गाडी डुगडुगली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. खाली दरी. मागून मघाचे दोन्ही ट्रक हॉर्न वाजवत निघून गेले. अण्णांची टोपी रस्त्यावर पडली होती. ते काही बोलले नाहीत. मग शांतपणे विचारलं, "उतरायचं का आता?"

एका कांद्याच्या ट्रकने आम्हाला गाडीसकट साताऱ्यात नेलं. पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. अण्णांच्या कोटाला ग्रीस आणि दोघांना कांद्याचा वास. मंडळींनी सरबत दिलं, जेवायला घातलं, बोलणं मात्र 'मुलाचे मामा वाट बघून गेले' यापुढे सरकलं नाही. आठ दिवसांनी पत्र आलं, पत्रिका जुळत नाही. पत्रिका महिनाभर त्यांच्याकडेच होती. उशिरामुळे मोडलं की हुंड्याच्या आकड्यामुळे, की खरोखरच मंगळामुळे, ते कधी कळलं नाही. ताईने ते पत्र वाचलं, घडी करून पोळपाटाखाली ठेवलं आणि पोळ्या लाटत राहिली.

मग गाडी उस्तादांकडे आली. या वेळी अण्णाही बरोबर होते, त्यांना जाब विचारायचा होता. उस्तादांनी हेड उतरवलं, प्लग हातात घेतला. प्लग पांढराफटक होता. चांगल्या चालणाऱ्या इंजिनाचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा असतो. पांढरा म्हणजे उपासमार. मग त्यांनी कार्बोरेटर खोलला, जेट काढला आणि उजेडाकडे धरून त्याच्या भोकातून पाहिलं. पाहता पाहता त्याच भोकातून माझ्याकडे पाहिलं, असं मला वाटलं.

अण्णा म्हणाले, "तुमच्या भरवशावर गाडी दिली होती. आज दोन जीव गेले असते."

उस्ताद क्षणभर गप्प बसले. मग जेट मुठीत घेऊन म्हणाले, "चूक झाली साहेब. पिस्टन जास्तच घट्ट बसवला. मजुरी घेणार नाही."

आणि ब्लॉक पुढ्यात घ्यायला वाकताना तो दाणा त्यांनी माझ्या हातात सोडला.

मी काही बोललो नाही. तेव्हा बोललो नाही, घरी जाताना बोललो नाही. पुढे पगार सुरू झाल्यावर मी मजुरीचे पैसे घेऊन गेलो, तेव्हा उस्तादांनी मोजून निम्मेच घेतले. "निम्मी चूक माझी," म्हणाले, "पोराच्या हातात जुना जेट द्यायला नको होता." अण्णा १९९४ साली गेले. तोवर आमच्या घरात 'नाना पेठेतला तो उस्ताद' हा शब्दप्रयोग फसवणूक या अर्थाने वापरात होता. सांगायचं राहून गेलं.

नंतरचा इतिहास झपाट्याने सांगतो, कारण तो बहुतेकांनी रस्त्यावर पाहिलेला आहे. १९८३ साली राजदूत ३५० आली. मूळ यामाहाची ३९ अश्वशक्तीची गाडी. पण आपल्याकडे द्यायची म्हणून कंपनीनेच ॲव्हरेजसाठी तिची ताकद छाटून तीसपर्यंत आणली, नंतर आणखी कमी केली. म्हणजे मी जिन्याखाली केलं ते त्यांनी कारखान्यात केलं, फक्त नीट केलं. तरीही ती पेट्रोल इतकी प्यायची की कुणी घेईना, आणि ज्यांनी घेतली ती पोरं छाटलेली ताकद परत आणायला कानस घेऊन बसली. १९८५ ला आरएक्स १०० आली. शंभराहून दोन सी.सी. कमी, ११ अश्वशक्ती. काकांच्या जावापेक्षा फक्त एक घोडा कमी. आमच्या उस्तादांच्या पिढीचं सोनं झालं. त्याच सुमारास जपानी बनावटीच्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. पेट्रोल भरा आणि विसरून जा म्हणणाऱ्या. अण्णांनी ती जाहिरात कापून वहीत चिकटवली होती. १९९६ साली म्हैसूरचा कारखानाही बंद झाला आणि आरएक्स १०० ही. धुराचे नियम कडक होत गेले तसं न जळलेलं पेट्रोल हवेत सोडणारं ते सबंध घराणंच मुकं झालं. २०१८ मध्ये जावा नाव पुन्हा आलं, पण फोर-स्ट्रोक होऊन. आवाज तोच ठेवण्याचा प्रयत्न केलाय म्हणतात. असेल.

आणि पुण्यात गंमत अशी झाली की ज्या आकुर्डीने आम्हाला स्कूटरसाठी ताटकळत ठेवलं, तिथल्याच मंडळींनी २००१ साली पल्सर काढली आणि २००३ मध्ये तिच्या सिलिंडरला एकाऐवजी दोन प्लग दिले. दोन्हीकडून आग लावली की पेट्रोल लवकर आणि पुरतं जळतं. पिकअपही आणि ॲव्हरेजही. मी ते वाचलं तेव्हा पिस्टनकडे बघत बराच वेळ बसलो होतो.

परवा ताईचा नातू आला होता. ताईचं लग्न १९८० साली नाशिकला झालं; जावयांकडे त्या वेळी फक्त सायकल होती, ही अण्णांच्या दृष्टीने जमेची बाजू. हा पोरगा पुण्यात इंजिनियरिंगला आहे आणि त्याने चाकणला तयार झालेली, ३७३ सी.सी.ची, ४३ अश्वशक्तीची एक सेकंडहँड केटीएम घेतली आहे. त्रेचाळीस घोडे. त्याला ते पुरत नाहीत. त्याला इंजिनाच्या कंप्युटरमधला प्रोग्रॅम बदलून घ्यायचाय. कानस नको, लेथ नको, लॅपटॉप लावला की झालं. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळे आकडे बदलता येतात म्हणे. म्हणजे जेटच, फक्त दिसत नाही. मी त्याला कायदा सांगितला. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२, २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, कारखान्याने दिलेल्या गाडीत मूलभूत फेरफार करता येत नाही. त्याने मान डोलावली. ती मान कुठून आली ते मी ओळखलं.

ताई शेजारीच शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "त्यांना कसला कायदा विचारतोस? त्यांच्या पिकअपपायी साताऱ्याचं स्थळ गेलं, म्हणून तर तू आहेस."

मी चरकलो. सत्तेचाळीस वर्षांत ती या विषयावर पहिल्यांदा बोलत होती. "तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"जिन्याखाली कंदील घेऊन बसला होतास ना? मी वरून पाहत होते. म्हटलं, अण्णांना न विचारता करतोयस म्हणजे काहीतरी वाईटच असणार." आणि तिने सोललेले दाणे वाटीत टाकले.

नातवाने टेबलावरचा पिस्टन उचलला, ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मी खणातून तो पितळेचा दाणा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं.

"बरं," मी विचारलं, "तुझी गाडी ॲव्हरेज काय देते?"